मावशी, ती गोळ्यांची पिशवी खाली ठेव

दर पावसाळ्यात उगवणारा तो मेसेज यंदा घरच्या ग्रुपवर माझ्या मावशीनेच टाकला. 'पूरग्रस्तांना पैसे देऊ नका, मधले खातात. जुने कपडे, घरात उरलेली औषधं गोळा करा, टेम्पो भरा आणि थेट गावात वाटा. कलेक्टर ऑफिसकडे फिरकूही नका.' एवढ्यावर भागलं असतं तर गप्प बसलो असतो. पण तिने सोसायटीत गोळ्या जमवायलाही घेतल्यात.

म्हणून आधी औषधंच. 'ज्याच्याकडे काहीच नाही त्याला कुठलीही गोळी अमृत' म्हणे. कुठलीही? २०१९च्या पुरात सांगलीजवळच्या एका शाळेत आलेलं सामान मी निवडत होतो. कात्रीने कापलेल्या स्ट्रिपा, आणि मुदतीची तारीख छापलेलं टोक राहिलंय देणाऱ्याच्या घरी. कफ सिरपची अर्धी बाटली, झाकण चिकट. बीपीच्या गोळ्या, किती पॉवरच्या ते देव जाणे. एक फार्मासिस्ट ताई दोन दिवस त्या ढिगापुढे अडकल्या, आणि बाहेर पायाला चिखल्या झालेल्यांची रांग.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. आर्मेनियात १९८८च्या भूकंपानंतर ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. नेमकं काय आलंय हे उमगायला ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के औषधांची मुदत पोचण्याआधीच संपलेली. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. त्याच सूचना म्हणतात, रुग्णांकडून परत आलेली औषधं द्यायची नाहीत, आणि पोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी. मावशीची पिशवी पहिल्याच अटीत नापास.

जुन्या कपड्यांचं थोडक्यात सांगतो. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत, नागपट्टिणमकडे, रस्त्याकडेला त्यांचे ढीग पडून राहिले होते. आपण नेसणार नाही ती साडी दुसरीने का नेसावी?

आणि 'थेट गावात' म्हणजे कसं? २०१९ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेच पाण्याखाली होता. टेम्पो काय पोहत जाणार? जे हायवेलगतच्या गावात थांबले, त्यांनी तिथेच पाचव्यांदा बिस्किटं वाटली, आतली गावं तशीच राहिली. कुठला रस्ता उघडलाय, कुठे काय कमी आहे, हे कलेक्टर ऑफिसच्या ज्या नियंत्रण कक्षात कळतं त्यालाच टाळा म्हणायचं, ही कमाल आहे.

पैसे खाल्ले जातात? जातात काही ठिकाणी, नाही कशाला म्हणू. पावती मागा, ओळखीच्या संस्थेला द्या. पैसे असले की फावडी, खराटे, ब्लीचिंग पावडर जवळच्या कोरड्या बाजारातून त्याच दिवशी घेता येतात. पहिले दोन दिवस शेजारच्या गावांतून आलेल्या भाकरी-चटणीने माणसं जगली, हेही खरं. पण ती भाकरी दहा किलोमीटरवरून आली होती, पुण्याहून नव्हे.

काल फोन केला. मावशी म्हणाली, "मग या गोळ्यांचं काय करू?" म्हटलं, ज्यांच्या त्यांना परत दे.

निम्म्या कुणाच्या, हे तिला आता आठवत नाही.