सुगम म्हणजे सोपंच की!

सकाळी टोकियो मेट्रोच्या तोझाई लाइनमध्ये दाराला चिकटून उभी होते. कसाबसा हात सोडवून व्हॉट्सॲप उघडलं आणि डोकंच फिरलं. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, भांडी झालीत, डोकं अजून ताळ्यावर नाही. म्हणून इथे लिहितेय.

आमच्या निशी-कासाईच्या मराठी ग्रुपवर एका पोरीने साधा प्रश्न विचारला होता. फेब्रुवारीत पुण्याहून आलीये, पहिलीच नोकरी. येत्या शुक्रवारी ऑफिसात नव्या लोकांची स्वागत पार्टी आहे, आणि नंतर 'निजिकाइ', म्हणजे पार्टीनंतरची पार्टी, कराओकेत. 'मला जपानी जेमतेम वाचता येतं. शाळा-कॉलेजच्या दिवसांवरचं, सगळ्यांना माहीत असलेलं एखादं सोपं गाणं सुचवा ना.' बास, एवढंच. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांचं उत्तर : 'सोपं गाणं म्हणजे पळवाट. गायचं तर तयारीने गावं, नाहीतर गप टाळ्या वाजवाव्यात.' आणि खाली अकरा अंगठे. अकरा!

त्यातल्या निम्म्यांना मी गाताना ऐकलंय. असो.

मी गेले होते हो तयारीने. डिसेंबर २००९, माझी पहिली वर्षअखेरची पार्टी, किन्शिचोमधली आठ माणसांची कराओके खोली. गायिका उतादा हिकारूचं 'फर्स्ट लव्ह' तीन आठवडे घोकलं होतं. का, तर गाणं संथ आहे. संथ म्हणजे सोपं, अशी माझी समजूत! संथ गाण्यात प्रत्येक सूर धरून ठेवावा लागतो, लपायला जागाच नसते, हे मला माइक हातात आल्यावर कळलं. धृपदाला आवाज असा फाटला की बाहेरच्या पोऱ्याने दार ढकलून आत डोकावलं असतं तर नवल नव्हतं. यंत्राने पडद्यावर गुण दिले, शंभरपैकी ६४. मग शांतता. जपानी शांतता वेगळी असते, ती सभ्य असते, म्हणून जास्त लागते. एकाने शिष्टाचार म्हणून टँबोरीन दोनदा हलवली.

तेव्हा आमचे काचो, म्हणजे सेक्शनचे साहेब, ज्यांनी वर्षभरात माझ्याशी 'झालं का?' आणि 'कधी होईल?' यापलीकडे वाक्य बोललं नव्हतं, त्यांनी रिमोट ओढला, काहीतरी दाबलं आणि दुसरा माइक उचलून पहिला माझ्याकडे सरकवला. स्पिट्झ या बँडचं 'चेरी' लागलं. १९९६ चं गाणं. सुटसुटीत चाल, उगाच वर चढायचं नाही, आणि एकदा सापडली की वाट चुकत नाही. मी अक्षरं वाचत वाचत गेले, साहेब माझ्या खालच्या पट्टीत, बऱ्यापैकी बेसूर. दुसऱ्या कडव्याला अख्खी खोली गात होती.

ही पळवाट?

मुळात कराओके कुणासाठी निघालं हे त्या ज्येष्ठांना कुणीतरी सांगा. १९७१, कोबे. इनोउए दाइसुके हा बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्यामागे साथ करणारा वादक. ताल चुकवणाऱ्यांना सांभाळून घेण्यात पटाईत. असल्याच एका गिऱ्हाइकाला, एका कंपनीच्या मालकाला, सहलीत गायचं होतं. इनोउएला जाता येईना, म्हणून त्याने साथ टेपवर भरून दिली. त्यातून पुढे यंत्र निघालं. पेटंटसुद्धा घेतलं नाही पठ्ठ्याने. २००४ मध्ये त्याला गमतीचं इग्नोबेल मिळालं, तेही शांततेचं : एकमेकांना सहन करायची नवी रीत शिकवल्याबद्दल. म्हणजे ज्याला गाता येत नाही त्याच्यासाठी बनवलेली वस्तू आणि तिथे तुम्ही तयारी विचारताय!

हा रोग आपल्या घरांतला आहे. माझी आई पेटीवर बसली की आधी 'सा लाव' म्हणायची. मी प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेला अडकले ती अडकलेच, आणि नंतर पंधरा वर्षं चारचौघांत तोंड उघडलं नाही. आपल्याकडे एकतर बैठकीत गायचं नाहीतर बाथरूममध्ये, मधलं काही नाहीच. आणि गंमत बघा, भावगीताला आपणच 'सुगम' म्हणतो. सुगम म्हणजे सोपं! नावातच लिहिलंय, तरी वर लाजायचं. भेंड्या खेळताना कुणी विचारतं का तयारी किती म्हणून?

बरं, मान्य. दर पार्टीत तीच सहा गाणी ऐकून कान किटतात. आणि थोडी मेहनत घेतली तर कुणाचं वाईट होत नाही. झालं समाधान?

तर पोरी, हे तुझ्यासाठी. ग्रुपवर लिहिणार होते, पण तिथे पुन्हा अंगठे मोजावे लागतील.

'चेरी' आहेच. तुला बायकांच्या आवाजातलं हवं असेल तर किरोरोचं 'मिराइ ए', १९९८ चं, ओकिनावाच्या दोघींचं. ते आईबद्दल आहे, त्यामुळे शेवटी स्वतःच रडायची शक्यता धर. आइम्योनचं 'मारीगोल्ड' २०१८ चं, तुझ्या वयाच्या सगळ्यांना पाठ. रेमिओरोमेनचं 'सांगात्सु कोकोनोका', म्हणजे नऊ मार्च, हे खरं तर एका मित्राच्या लग्नासाठी केलेलं गाणं. पण इथे शाळा मार्चमध्ये संपते, त्यामुळे ते निरोप समारंभाचं होऊन बसलं. आता अख्खा देश ते ऐकून शाळेचा शेवटचा दिवस आठवतो. ग्रीनचं 'किसेकी' सोप्या गाण्यांच्या प्रत्येक यादीत असतं, पण फसू नकोस. चौघांचं गाणं आहे (चौघेही दातांचे डॉक्टर, म्हणून चेहरा दाखवत नाहीत), एकटीने घेतलंस तर श्वास घ्यायला जागा सापडणार नाही. योआसोबीच्या भरधाव गाण्यांच्या तर वाटेलाच जाऊ नकोस, ते घरी ऐकायचं.

कांजीची, म्हणजे चिनी चित्राक्षरांची, भीती नको. पडद्यावर कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागाना, म्हणजे उच्चार सांगणारी सोपी अक्षरं, असतो आणि शब्दांचा रंग बदलत जातो, तो तुला ओढत नेतो. बाकी आपण मराठी लोक इथे जन्मतःच पुढे आहोत. 'त्सु' म्हणताना इतरांची जीभ अडखळते, आपला तो 'चूल'मधला च आहे. 'झा' म्हणजे 'जग'मधला ज. फक्त एक गोष्ट लक्षात ठेव : 'न्' पूर्ण एक मात्रा खातो. 'शिंबुन' (वर्तमानपत्र) दोन मात्रांचं नव्हे, चार. शि-न्-बु-न्. शाळेत वृत्तं शिकताना मात्रा मोजल्या होत्यास ना? तशाच मोज. आणि पट्टी रिमोटवरून खाली घेता येते. सरळ दोन घरं खाली घे, कुणी बघत नाही.

राहता राहिला ग्रुपवरचा दुसरा टोमणा. एक महाशय म्हणाले, 'त्यांच्या शाळेच्या आठवणींची गाणी आपण कशी गाणार? आपण कुठे होतो तिथे?' यावर मात्र मी दिवसभर अडकले होते, कारण हे मलाही वाटायचं. तरुणपणाला इथे 'सेइश्युन' म्हणतात, म्हणजे निळा वसंत. चिनी पंचतत्त्वांत वसंताचा रंग निळा-हिरवा, तिथून आलंय. माझा वसंत साताऱ्यातला. त्यात ना चेरीची झाडं, ना मार्चमधला निरोप. आमच्या मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आणि उकाडा.

पण त्या किन्शिचोच्या रात्री, शेवटची ट्रेन पकडायला स्टेशनकडे चालताना, मी साहेबांना मोडक्या जपानीत म्हटलं होतं, सॉरी, तुमच्या लहानपणीचं गाणं मी बिघडवलं. ते थांबले. म्हणाले, 'लहानपणीचं? ते आलं तेव्हा मी बेचाळीसचा होतो. दोन मुलं, घराचं कर्ज. मुलगी लावायची, म्हणून पाठ झालं.' आणि सिगरेट पेटवायला वळले.

म्हणजे तेही उसनंच गात होते!

ते २०१४ मध्ये निवृत्त झाले. दरवर्षी त्यांचं नेंगाजो यायचं, नव्या वर्षाचं पोस्टकार्ड, छापील मजकूर आणि खाली सही, बाकी काही नाही. यंदा जानेवारीत आलं त्यावर लिहिलं होतं की वय झालं, हे शेवटचं. इथे म्हातारी माणसं तसं कळवून कार्डं बंद करतात. खाली पेनाने, थरथरत्या अक्षरात एक ओळ : 'चेरी अजून गाता का?'

मी उत्तर लिहिलेलं नाही अजून. एप्रिल उजाडला. काय लिहायचं तेच सुचत नाही.

जाऊ दे. लिहायला बसले तेव्हा त्या ज्येष्ठांना चार शब्द सुनवायचे होते, आता रागच राहिला नाही. त्यांनाही कधीतरी कुणीतरी 'सा लाव' म्हटलं असेल.

पोरी, शुक्रवारी गा. आणि हो, ते गुण दाखवणं रिमोटवरून बंद करता येतं. मला हे कळायला चार वर्षं लागली.