छडी गेली म्हणून वर्ग बिघडले का?

शिक्षकदिन जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरू लागतो. आमच्या वेळी गुरुजी फोडून काढत, घरी सांगितले तर वडील आणखी दोन ठेवून देत आणि म्हणूनच आम्ही घडलो. आता कायद्याने शिक्षकांचे हात बांधले, परदेशी खुळे आली आणि वर्ग हाताबाहेर गेले, असा त्याचा आशय असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांत शिक्षकही पुष्कळ असतात, म्हणून त्यातील एकेक मुद्दा तपासणे आवश्यक वाटते.

‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असे म्हणतो कोण? जो शाळेत टिकला, तो. पाढा चुकला की हातावर वळ उठणार या धास्तीने रोज सकाळी पोटदुखीचे निमित्त काढणारा आणि चौथी-पाचवीतच शाळा सोडून गुरांमागे गेलेला त्याच बाकावरचा मुलगा हा मजकूर लिहीत नाही. टिकलेल्यांच्या घडण्यातही घरची परिस्थिती, एखाद्या बाईंची माया आणि अभ्यासाची गोडी यांचा वाटा किती आणि छडीचा किती, हे कोणी वेगळे काढून पाहिलेले नसते.

हात बांधले गेल्याची तक्रार कायदा न वाचता केलेली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. अंगठे धरून उभे करणे आणि वर्गासमोर ‘दगड आहेस’ म्हणणे, दोन्ही त्यात आले. जागा बदलणे, खरडलेले बाक पुसून घेणे, राहिलेला गृहपाठ पूर्ण करून घेणे, पालकांना बोलावणे यांपैकी कशालाही त्यात आडकाठी नाही. शिवाय हा कायदा येण्यापूर्वी, २००७ साली, केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या १३ राज्यांतील पाहणीत शाळकरी मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले होते. मारानेच शिस्त लागत असती, तर त्या काळी शिक्षकखोलीत ‘हल्लीची मुले’ हा विषयच निघायला नको होता.

मुलांना न मारणे हे परदेशी खूळ असल्याचा आरोप तर आपल्याच इतिहासाच्या अज्ञानातून येतो. गुजरातमधील शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले ते भय आणि शिक्षा यांना बाजूला ठेवून. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, तेव्हा शाळेकडे न फिरकणाऱ्या मुलांना धाक दाखवण्याऐवजी त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली.

मात्र या मजकुराचा खरा आधार वेगळाच आहे. धाकाने वर्ग चिडीचूप होतो आणि चिडीचूप वर्ग शिकतो, अशी ती समजूत आहे. जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांच्या ध्वनिचित्रफिती तपासून १९७० मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते या समजुतीच्या मुळावर येतात. गडबड झाल्यावर शिक्षक किती कडक बोलतो यावरून चांगला आणि विस्कटलेला वर्ग यांतला फरक ठरत नव्हता. गडबड होण्यापूर्वी शिक्षक काय करतो, यावर तो ठरत होता. आपल्याकडच्या कोणत्याही वर्गात हे पाहता येते. वर्गाकडे पाठ करून अख्खे गणित फळ्यावर उतरवले की तिसऱ्या ओळीपर्यंत मागच्या बाकांवर कंपास वाजू लागतो. तपासलेल्या वह्या एकेक नाव पुकारून वाटल्या की बाकीची चाळीस मुले रिकामी बसतात, आणि रिकामी मुले बोलणारच. तेच गणित अर्धे वळून, एकेक पायरी वर्गाला विचारत लिहिले, तोंडी उदाहरणे चालू असताना वह्या मॉनिटरकडून वाटून घेतल्या आणि बोलणाऱ्या मुलाजवळ जाऊन, आपले वाक्य न तोडता, त्याच्या उघड्या पुस्तकावर बोट ठेवले, तर पुष्कळदा आवाज चढवावाच लागत नाही. उलट आठवीतल्या मुलाला सर्वांदेखत फैलावर घेतले की सगळा वर्ग काम सोडून तमाशा पाहतो, आणि मित्रांसमोर माघार घेणे त्याला अशक्य होऊन बसते. अशा वेळी ‘तास संपल्यावर भेट’ हे तीन शब्द पुरतात. अट एवढीच की खरोखर भेटले पाहिजे.

या सगळ्यात शिक्षकांची हतबलता तेवढी खरी आहे. पण तिच्यावरचा उपायही शिक्षण हक्क कायद्यातच आहे. त्याच्या परिशिष्टात प्राथमिकला ३० आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे, तर कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपू नयेत असे सांगते. दोन इयत्ता एकत्र बसवलेल्या खोलीत भर तासाला मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरायला लावली, तर गोंधळ होणारच. त्याचा जाब कलम १७ ला विचारून उपयोग नाही; तो शाळेच्या व्यवस्थापनाला आणि शिक्षण विभागाला, कलम २७ पुढे ठेवून, लेखी विचारता येतो.