‘सगळं लॉग करा, नंतर ग्रेप मारा’? थांबा जरा

प्रोग्रामरांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: “लॉग फिल्टर करत बसू नका. प्रोडक्शनवरही डीबग चालू ठेवा, डिस्क स्वस्त आहे, हवं ते नंतर ग्रेप करा. पासवर्डची भीती वाटते? रूट लॉगरला एक फिल्टर लावा, झालं काम.” (लॉग म्हणजे प्रोग्राम चालताना लिहीत जातो ती नोंदवही, आणि ती लिहिणारा तो लॉगर; रूट हा सगळ्या लॉगरांच्या वरचा. प्रोडक्शन म्हणजे लोक खरोखर वापरतात ती सिस्टम, डीबग म्हणजे नोंदींची सगळ्यात बारीक लेव्हल, आणि ग्रेप म्हणजे फाइलमधून शब्द असलेल्या ओळी शोधणारी कमांड.) पायथॉनवाल्यांनी तरी हा डोळे मिटून घेऊ नये.

डिस्क स्वस्त आहे, मान्य. पण ओळ डिस्कवर पोचण्याआधी ती तयार करावी लागते, आणि तो वेळ प्रोग्रामचाच जातो. (एफ-स्ट्रिंग, म्हणजे व्हेरिएबलच्या किमती जागीच भरून बनणारा मजकूर, वापरलीत तर लेव्हल वॉर्निंगवर ठेवून, म्हणजे डीबगच्या ओळी गाळूनही हा खर्च चुकत नाही. लॉगर ‘नको’ म्हणेपर्यंत स्ट्रिंग बनून गेलेली असते.)

नंतर ग्रेप? ‘एरर’ शोधलं की पहिली ओळ मिळते, खालचा ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठून कुठे आली त्या ओळी, राहतो. मग पुढच्या 20 ओळी मागा, मग 40 मागा.

खरी मेख रूटच्या फिल्टरमध्ये आहे. मी स्वतः यात फसले आहे. टेस्टमध्ये मी थेट रूटवरच लिहीत होते, त्यामुळे पासवर्ड छान झाकला जायचा. खऱ्या कोडमध्ये मात्र प्रत्येक मॉड्यूलचा लॉगर वेगळा. त्याचा मेसेज वर चढतो तो सरळ रूटच्या हँडलरांकडे, म्हणजे ओळ फाइलमध्ये किंवा स्क्रीनवर प्रत्यक्ष लिहिणाऱ्यांकडे. वरच्या लॉगरांची लेव्हल किंवा फिल्टर कुणी विचारतच नाही. पुढच्या दारात वॉचमन, आणि पाहुणे मागच्या जिन्याने गच्चीवर! फिल्टर हँडलरवर लावायचा, तोही प्रत्येक हँडलरवर. आणि त्यात रेकॉर्डचं (एका नोंदीचं) नुसतं ‘एमएसजी’ तपासून भागत नाही. तिथे फक्त साचा असतो, पासवर्ड ‘आर्ग्ज’मध्ये, म्हणजे साच्यात भरायच्या किमतींमध्ये, बसलेला असतो. ‘गेटमेसेज’ने जोडलेला मजकूर बघा.

मे 2018 मध्ये ट्विटरने 33 कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता, कारण हॅश होण्याआधीच (म्हणजे न उलगडता येणाऱ्या रूपात बदलण्याआधीच) ते अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. एकदा लिहिलं गेल्यावर ग्रेप काय करणार?

एक मुद्दा मात्र बरोबर आहे: डीबग बंद असताना बग आला तर मागचा धागा सापडत नाही. त्यासाठी सगळीकडे डीबग कशाला? बडबड्या लायब्ररींचे लॉगर वॉर्निंगवर (लेव्हलचा आकडा 30) ठेवा आणि संशय असलेलं मॉड्यूल तेवढं डीबगवर (10) आणा. हँडलरची लेव्हलही बघून घ्या, नाहीतर मेसेज तिथे अडेल आणि तुम्ही मॉड्यूलला शिव्या घालत बसाल.