सातनंतर पाणी बंद म्हणे!

"पाळीव प्राण्यांसाठी वॉटर डिस्पेंसर कसा निवडावा? प्रत्येक प्राणीप्रेमीने वाचलेच पाहिजे" अशी एक पोस्ट व्हॉट्सॲपवर फिरतेय. मला ती चार ग्रुपांवर आली आणि चारही वेळा मी न वाचता पुढं सरकलो. पाचव्यांदा ती कोल्हापुरात फुलेवाडीला आक्काच्या घरी भेटली, टायमरवाल्या डिस्पेंसरच्या रूपात. दाजींनी पोस्ट वाचूनच तो मागवलेला. संध्याकाळचे साडेसात झाले होते, डिस्पेंसर बंद होता, आणि राणी, त्यांची नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर, मोरीतल्या बादलीच्या बुडाशी उरलेलं साबणाचं पाणी चाटत होती.

पोस्टीत मुद्दे पाच. वाहतं पाणी खराब होत नाही, म्हणून कारंज्याचा डिस्पेंसर घ्या आणि १५ दिवस पाणी बदलू नका. जास्त पाणी पिणं ही कुत्र्याची वाईट खोड आहे, ती मोडायला सातनंतर पाणी बंद करा, म्हणजे रात्री घरात लघवी होणार नाही. भांडं तांब्याचंच हवं. प्लास्टिक म्हणजे विष. आणि मांजराला दूध देत असाल तर पाण्यावर खर्च कशाला?

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे नुसते बिनडोक आहेत, हा जीव घेणारा आहे.

वयानं मोठं कुत्रं अचानक ढसाढसा पाणी प्यायला लागलं तर बहुतेक वेळा ते पाणी पितं म्हणून मुतत नसतं. अंगातलं पाणी लघवीवाटे चाललेलं असतं, म्हणून ते पितं. किडनी थकली की तिला पाणी राखून ठेवता येत नाही. मधुमेहात साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. तहान ही त्या गळतीची भरपाई. भांडं उचलल्यानं गळती थांबत नाही, भरपाई तेवढी थांबते.

निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागं ५०-६० मिली पाणी साधारण पुरतं. ओलं खाणं असेल तर त्याहून कमी, उन्हाळ्यात जास्त. १०० मिलीच्या पुढं गेलं की डॉक्टर कारण शोधायला लागतात. राणी ३० किलोची, म्हणजे तिची हद्द तीन लिटर.

आक्का म्हणाली, "अरे, वय झालंय तिचं, खोड लागली असंल." मी म्हटलं, "खोड हाय का रोग हाय, ते मोजून बघूया की." टायमर काढला, दुधाचं लिटरचं माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत जेवढं भरलं तेवढं फळ्यावर लिहीत गेलो. चार लिटर आणि वर थोडं. माजावर कधी आली होती म्हणून विचारलं, तर सव्वा महिना झालेला. मागून स्राव वगैरे काही नाही, जेवण मात्र अर्ध्यावर आलेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भाशयात पू भरला होता. पायोमेट्रा म्हणतात त्याला. त्याच दिवशी ऑपरेशन करून पिशवी काढली. आता बरी आहे. पण त्याआधीच्या अकरा रात्री, रोज बारा-बारा तास, ती पाण्याविना होती, आणि सकाळी भांड्यावर तुटून पडते म्हणून वर बोलणीही खात होती.

हे माझं डोकं नाही. जनावरांचे डॉक्टर जे प्रमाण मानतात ते मर्क व्हेटरनरी मॅन्युअल १९५५ पासून निघतंय, आता ऑनलाइन फुकट वाचायला मिळतं. पायोमेट्राच्या प्रकरणात लक्षणं बघा: नसबंदी न झालेली, वयानं मोठी मादी, माजानंतरचे काही आठवडे, सुस्ती, खाणं कमी, आणि पाणी व लघवी दोन्ही वाढलेली. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेल तर स्रावही दिसत नाही. म्हणजे अशा वेळी घरच्यांना कळण्यासारखी ठळक खूण उरते ती पाण्याच्या भांड्यापाशी, आणि पोस्ट सांगते की तेच उचला.

यात खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगून टाकतो. लहान पिल्लाला घरात शी-शू शिकवताना काही जण झोपायच्या तास-दोन तास आधी भांडं उचलतात. निरोगी पिल्लाचं तेवढ्यानं बिघडत नाही. नऊ वर्षांच्या कुत्रीला बारा तास कोरडं ठेवणं ही गोष्ट वेगळी.

आता वाहतं पाणी. हे कोल्हापुरात बसून लिहिणाऱ्यानं एकदा पंचगंगेच्या घाटावर जाऊन तिथलं घाण पाणी बघून यावं. वाहतेच आहे की ती! डिस्पेंसरमध्ये तर नदीसारखं नवं पाणीही येत नाही, तेच दोन लिटर गोल गोल फिरतं आणि त्यात लाळ, केस, खाण्याचे कण मिसळत राहतात. तीन-चार दिवसांनी आतून बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. तो जंतूंचा थर. त्यात कार्बनचा फिल्टर नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढून घेतो, म्हणजे जंतूंना रान मोकळं. पाणी रोज बदलायचं, आठवड्यातून एकदा पंपासकट सगळं सुटं करून घासायचं, आणि फिल्टर महिन्याच्या आत नवा. एवढं जमणार नसेल तर कारंजं घेऊ नका. पावसाळ्यात लाइट गेली की पंप थांबतो, म्हणून शेजारी साधं भांडं लागतंच. काही मांजरं कारंज्यावर खुशीनं पितात, हे कबूल. आमची चिंगी त्यापुढं बसून तासभर नुसती बघते आणि पाणी प्यायला मोरीत जाते.

तांबं. माणसानं तांब्याच्या गडूतलं पाणी प्यावं की नाही यात मी पडत नाही. पण बेडलिंग्टन टेरियर आणि लॅब्रॅडॉर या जातींतल्या काही कुत्र्यांच्या यकृतात तांबं साठत जातं आणि यकृत खराब होतं. ते मुख्यतः खाण्यातून येतं, भांड्यातून उतरणारं थोडंच. तरी लॅब्रॅडॉर पाळणाऱ्याला तांब्याचंच भांडं घ्या म्हणून आग्रह कशापायी? स्टीलचं पातेलं कुठं गेलं?

प्लास्टिकचं निम्मं खरं. विष नाही, पण ओरखडे पडतात, त्यात घाण बसते आणि घासूनही निघत नाही. मांजराच्या हनुवटीवर काळे ठिपके दिसले तर डॉक्टर बऱ्याचदा आधी भांडं बदलायला सांगतात. चिनी मातीचं किंवा स्टीलचं घ्या, विषय मिटला.

दुधाबद्दल काय बोलायचं! गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पैलवानाला मानवतं. अंगावरचं पिणं सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते, आणि जुलाब लागले तर अंगातलं होतं ते पाणीही जातं.

डिस्पेंसर घ्यायचाच असेल तर दुकानात एकच करा: झाकण काढून हात आत घालून बघा. बुडापर्यंत पोचला नाही तर ठेवून द्या. उलट्या बाटलीवाले कितीतरी डिस्पेंसर इथंच नापास होतात.

दाजींनी टायमर काढलाय तो काढलाच. दर रविवारी डिस्पेंसर तेच घासतात, आणि राणीनं रोज किती पाणी प्यायलं ते आक्का दूधवाल्याच्या कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्याखाली लिहून ठेवते. परवा बघितलं तर दीड लिटर होतं.