सुटी गाणी आम्ही आधीच घेत होतो की!

ऑनलाइन सुटं गाणं मिळायला लागलं आणि अल्बम संपला, असं एका लेखात वाचलं. ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानानं २००३ मध्ये अमेरिकेत ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं हे खरं (आपल्याकडे ते दुकान २०१२ मध्ये उघडलं). पण आमच्या बेळगावात सुटी गाणी त्याच्या कितीतरी आधीपासून! ६० मिनिटांची कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर यादी दुकानदाराला द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. माझ्या यादीत वर नाट्यगीत, खाली कन्नड भावगीत, मग हिंदी. असला अल्बम कुठली कंपनी काढणार होती? बेकायदा होतं म्हणा ते. आणि ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणजे आजोबांनीही सुटंच गाणं घेतलं की. बरीच गाणी मावणारी लाँग प्ले तबकडी आली ती १९४८ मध्ये.

लेखातलं एक मात्र पटलं. अख्खी कॅसेट घेतली की नावडतं गाणंही ऐकावं लागे, पुढं ढकलायचा कंटाळा. खानापूरला जाता-येता मामांच्या जीपमध्ये असंच एक रडकं गाणं वाजायचं. आज तेच तोंडपाठ आहे. पैसे मोजून ते मी कधीच घेतलं नसतं.