‘लाल बल्बनं पिल्लांचे डोळे गेले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

दादा, नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्या लाल बल्बमुळे कोंबडीच्या पिल्लांचे डोळे सुजले, आणि दुकानात विचारलं तेव्हा ‘रात्रंदिवस चालू ठेवा’ असं सांगितलं. दुसरी गोष्ट खरी आहे. काउंटरवरच्या मुलानं तसं सांगितलं आणि ते साफ चुकीचं होतं. त्याला शिकवणं माझं काम होतं. चूक माझी, माफ करा.

डोळ्यांचं मात्र मी स्वतः शेडवर येऊन पाहिलं ते लिहितो, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून विटा-कडेगावकडच्या दोघांनी घाबरून मला फोन केला. उभ्यानं काही जाणवलं नाही. पिल्लांच्या उंचीला उकिडवा बसलो आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ड्रिंकरखालचं, म्हणजे पाण्याच्या भांड्याखालचं, तूस मुठीत दाबलं तर लाडवासारखा गोळा झाला. थंडी म्हणून पडदे पार वरपर्यंत बांधलेले. कोपऱ्यात एक पिल्लू मान आखडून बसलं होतं, मिटलेला डोळा पंखावर घासत होतं. हे ओल्या तुसातल्या विष्ठेतून उठणाऱ्या अमोनिया वायूचं काम आहे. हवेत तो 25 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 25 भाग) वर राहिला की डोळे भाजून निघतात.

म्हणून उजेडाचा काही संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, कोंबडीच्या डोळ्यात चार. शिवाय लाल उजेड तिच्या कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो, म्हणून तो अंडी देणाऱ्या पक्ष्यांना लागू पडतो. टोचाटोची असली की लालात रक्त उठून दिसत नाही, त्यासाठीही लोक नेतात. पण निव्वळ लाल उजेडात वाढवलेल्या पिल्लांना लांबचं धूसर दिसायला लागतं, असं प्रयोगांत दिसलंय. आणि रंग कुठलाही असो, अंधार मिळालाच नाही तर डोळ्याचा गोळा फुगत जातो, पुढचा पारदर्शक पडदा चपटा होतो. ‘24 तास ठेवा’ हे आमचं सांगणं म्हणूनच मला फार लागलंय. फक्त तो त्रास कित्येक आठवड्यांत हळूहळू होतो. चार दिवसांत पापण्या चिकटल्या, त्या उजेडानं नाहीत.

आज ओलं तूस काढा, कोरडं टाका. पडदे वरून वीतभर उघडे ठेवा, ड्रिंकर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला घ्या. पिल्लं आता आठवड्याच्या वर आहेत, तेव्हा रात्री सलग सहा तास लाइट बंद. ऊब गॅस ब्रूडरनं (पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीनं) द्या, बल्बवर विसंबू नका. सुजेमागे रोगही असू शकतो, म्हणून दोन-तीन पिल्लं पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवाच.

लाल बल्ब सगळे परत आणा, बिल नसलं तरी चालेल. बदल्यात न लुकलुकणारे पांढरे देतो, कारण आपल्याला न दिसणारी लुकलुकही पक्ष्याला दिसते. वरचे पैसे घेणार नाही. गुरुवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी मीच शेडवर आणून लावून देतो.