जंगलातल्या रस्त्यात भिंत कशी घालावी

आमच्याकडच्या जंगलपट्ट्यातला रस्ता नुकताच चौपदरी झाला आणि त्याच्या मधोमध सिमेंटचा सलग दुभाजक उभा राहिला. परवा रात्री त्या दुभाजकाला खेटून रोहीचे, म्हणजे नीलगायीचे, एक पिल्लू वाट शोधत धावत होते, मी गाडी हळू केली होती आणि मागचे सगळे भोंगे वाजवून मला पुढे रेटत होते. असा सुरक्षित रस्ता आपल्याही तालुक्याला लाभावा, म्हणून काही सूचना.

दुभाजकात कोठेही फट ठेवू नये. तीतून ससा गेला, तर काँक्रीटचा अपमान होतो.

पत्र्याचा कठडा टाळावा, कारण त्याच्या खालून उदमांजर आणि साळिंदर निसटतात.

उंची मात्र विचारपूर्वक ठरवावी. सांबराची मादी उडी मारून पलीकडे जाईल आणि तिच्यामागचे पाडस अलीकडेच राहील, इतकी ती असावी. ज्याला उडी जमत नाही, ते जनावर दोन मार्गिका जीव मुठीत धरून ओलांडते, भिंतीशी थबकते आणि त्याच दोन मार्गिकांतून माघारी फिरते. म्हणजे ट्रकला एकाऐवजी दोन संधी मिळतात. एवढे करून अहवालात लिहावे की ‘जनावर अचानक आडवे आले’. अचानक कसे? नागपूरजवळच्या बाजारगावपाशी २०१७ च्या डिसेंबरात बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव नावाचा वाघ वाहनाच्या धडकेने मेला, तेव्हाही ही वाट वाघांची आहे हे ठाऊक नव्हते काय?

जनावरांसाठी रस्त्याखालून काढलेल्या भुयारी मार्गांचे तर नावही काढू नये. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ते बांधले, त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे, आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत वाघासकट कितीतरी प्राणी त्यांतून जाताना दिसले. नागपूरपासून दोन तासांच्या आत हे सगळे उभे आहे, पण पाहायला जाणार कोण?

आता सरळच बोलतो. जनावरे कोठून ओलांडतात हे त्या भागातल्या वनरक्षकाला तोंडपाठ असते. आराखडा काढणाऱ्यांनो, तुम्ही त्याला विचारलेसुद्धा नाही. आणि वाचकहो, हरणाच्या चित्राचा फलक पाहूनही तुम्ही वेग कमी करत नाही, मेलेल्या बिबट्याचे चित्रीकरण करायला मात्र गाडी बाजूला घेता. रात्री त्या पट्ट्यात गाडी हळू चालवा, आणि ज्यांनी ती भिंत ओतली त्यांनी जनावरांच्या वाटांवर ती फोडून द्यावी.